फंडाची शिल्लक वाढली, पण कमाई किती झाली?

आमच्या वस्तीतील विहारात रविवारी सकाळी वंदना झाल्यावर थोडा वेळ बसण्याचा प्रघात आहे. कोणाच्या मुलाचा शाळाप्रवेश, कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा जातीचा दाखला असे विषय निघतात आणि जमेल त्याने जमेल ती मदत करायची, असे चालते. मागे एका रविवारी विषय निघाला तो फंडाचा.

एका इस्पितळात ठेकेदाराकडे आयाचे काम करणाऱ्या आमच्या एक ताई हातात कागद घेऊन आल्या होत्या. इस्पितळातला ठेकेदार बदलला होता. जुन्या ठेकेदाराकडे साठलेला फंड काढून घ्यावा आणि ती रक्कम एका एजंटाने सांगितलेल्या योजनेत एकदम गुंतवावी, असा त्यांचा विचार होता. "एजंट म्हणतो, पंधरा वर्षांत दुप्पट होतील. फंडात काय मिळतं? आठ टक्के!" असे त्या म्हणाल्या.

यावर सिक्युरिटीत नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, "ताई, आठ कुठले? माझी शिल्लक एका वर्षात सदतीस टक्क्यांनी वाढली." आणि गिरणीत हयात घालवलेले एक काका सुस्कारा टाकून म्हणाले, "आमच्या वेळी बारा टक्के होतं रे बाबांनो. आता काय राहिलंय त्यात?"

तिघांचेही आकडे खोटे नव्हते. तरीही तिघांचीही तुलना चुकीची होती. आम्ही कारकुनी करतो, वाणिज्य शाखेत शिकलो, म्हणून त्या दिवशी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून दाखवला. तोच येथे देत आहोत, कारण असा हिशेब प्रत्येक कष्टकरी घरात दरवर्षी एकदा व्हायला हवा.

शिल्लक आणि कमाई यांतला फरक

आधी त्या तरुणाचे सदतीस टक्के पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल घेऊ. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये. त्यातून कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकही १२ टक्केच भरतो. पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० रुपये फंडात येतात. म्हणजे फंडात महिन्याला २,३५० रुपये जमा होतात. पेन्शनकडे गेलेल्या रकमेवर पासबुकात व्याज चढत नाही, तिचा हिशेब निराळा असतो. तो या तुलनेत मिसळू नये.

आता एप्रिलच्या आरंभी शिल्लक १,००,००० रुपये होती असे धरा. वर्षभरात भरणा झाला २८,२०० रुपये. व्याजाचा दर ८.२५ टक्के. फंडाचे व्याज महिन्या-महिन्याच्या शिलकीवर मोजतात आणि वर्षअखेर जमा करतात. त्याप्रमाणे व्याज होते सुमारे ९,३१६ रुपये. मार्चअखेर शिल्लक १,३७,५१६ रुपये.

एक लाखाचे एक लाख सदतीस हजार झाले, म्हणून तरुण म्हणाला सदतीस टक्के. परंतु त्यातले २८,२०० रुपये तर त्याच्याच घामाचे आणि मालकाच्या वाट्याचे आहेत. ती कमाई नव्हे, भरणा आहे. मडक्यात आपणच पाणी ओतायचे आणि मडक्याने पाणी दिले म्हणायचे, असा तो प्रकार झाला. खरी कमाई फक्त ९,३१६ रुपयांची.

मग ही कमाई कशाने भागायची? नुसत्या आरंभीच्या लाखाने भागली तर ९.३ टक्के येतात, ते जास्त आहेत. कारण नंतर भरलेल्या पैशांनीही थोडे व्याज मिळवले. लाख अधिक सगळा भरणा यांनी भागली तर ७.३ टक्के येतात, ते कमी आहेत. कारण मार्चमध्ये भरलेल्या पैशाला व्याज मिळवायला वेळच मिळाला नाही. यावर साधा तोडगा असा: आरंभीच्या शिलकीत वर्षभराच्या भरण्याचा निम्मा मिळवावा आणि त्या रकमेने कमाईला भागावे. येथे १,००,००० अधिक १४,१०० म्हणजे १,१४,१००. त्याने ९,३१६ ला भागून शंभराने गुणले की ८.१६ येतात. जाहीर दराच्या अगदी जवळ. घरच्या हिशेबाला एवढे पुरे. मात्र भरणा वर्षभर सारखा होत असेल तेव्हाच निम्म्याचा नियम लावावा.

प्रत्येक खात्याला एकच माप

हे माप हाती आले की कोणतेही खाते तपासता येते. आपल्यापैकी काहींची मुले-मुली सरकारी नोकरीत आहेत. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुन्या पेन्शनऐवजी राष्ट्रीय पेन्शन योजनेत घालण्यात आले. तिथे ठराविक व्याज नाही. युनिटचा भाव बाजाराप्रमाणे वर-खाली होतो. तिथे कमाई अशी काढावी: अखेरच्या शिलकीतून आरंभीची शिल्लक वजा, भरणा वजा. समजा आरंभी १,००,००० होते, २४,००० भरले आणि अखेरीस १,३०,००० झाले. शिल्लक तीस टक्के वाढलेली दिसते. पण कमाई ६,००० रुपये, भागिले १,१२,०००, म्हणजे फक्त ५.४ टक्के.

अशा खात्याची एका वर्षावरून परीक्षा करू नये. एका वर्षी २० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी २० टक्के घट झाली म्हणजे बरोबरी झाली असे वाटते. तसे नाही. १०० चे १२० होतात आणि १२० चे ९६. म्हणून पाच-दहा वर्षांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि मग बोलावे.

ज्यांना फंडच नाही, अशा घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आपल्या आयाबहिणींना पोस्टात किंवा बँकेत पब्लिक प्रॉव्हिडंट फंडाचे खाते उघडता येते. वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात आणि मुदत १५ वर्षांची असते. एप्रिल २०२० मध्ये त्याचा दर ७.१ टक्के झाला आणि २०२४-२५ मध्येही तोच होता. तिथे व्याज ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजतात. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. ६ तारखेला भरले तर त्या महिन्याचे व्याज बुडते.

काकांचे बारा टक्के

आता काकांकडे वळू. १९८९-९० पासून १९९९-२००० पर्यंत फंडाला १२ टक्के व्याज होते, हे अगदी खरे. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. म्हणजे कामगाराचे नुकसानच झाले, असे कोणीही म्हणेल. परंतु व्याजासमोर महागाई मांडल्याशिवाय निकाल देता येत नाही.

औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाप्रमाणे १९९१-९२ मध्ये महागाई सुमारे साडेतेरा टक्क्यांनी वाढली होती. १९९८-९९ मध्ये ती तेराच्या वर होती. म्हणजे त्या दोन वर्षी बारा टक्के घेऊनही कामगार मागेच गेला. १९९९-२००० मध्ये मात्र महागाई साडेतीनच्या आतबाहेर होती. त्या वर्षी बारा टक्क्यांनी खरेच हात दिला. पुढे २००९-१० मध्ये व्याज साडेआठ आणि महागाई बारा टक्क्यांवर. ते वर्ष पुन्हा तोट्याचे. आणि २०२४-२५ मध्ये व्याज ८.२५, तर सर्वसाधारण ग्राहक निर्देशांकाप्रमाणे महागाई सुमारे ४.६. म्हणजे साडेतीन टक्के खरी वाढ. ज्याला आपण "काय राहिलंय त्यात" म्हणतो, ते वर्ष काकांच्या काही बारा टक्क्यांच्या वर्षांपेक्षा बरे गेले!

ही दृष्टी आपल्याला नवी नसावी. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाने बाजारात काय विकत मिळते, ती त्याची किंमत स्थिर राहिली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. भाव चढतात तेव्हा मजुरी त्या वेगाने चढत नाही आणि भार मजुरावर पडतो, हे त्यांनी ओळखले होते. आपण त्यांच्या जयंतीला निळे झेंडे लावतो. त्यांनी शिकवलेला रुपयाचा हिशेबही आपल्या घरात यायला हवा.

दुप्पट म्हणजे किती?

राहिला ताईंचा एजंट. "दुप्पट" हा शब्द कानाला गोड लागतो. पण दुप्पट किती वर्षांत, हे विचारावे. ७२ ला वर्षांनी भागले की साधारण दर कळतो. एकदम भरलेली रक्कम ९ वर्षांत दुप्पट होत असेल तर ८ टक्के. १२ वर्षांत, तर ६ टक्के. १५ वर्षांत दुप्पट म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. आठ टक्क्यांना नाक मुरडून ताई पावणेपाच टक्क्यांकडे निघाल्या होत्या!

ताईंची शिल्लक लाखाच्या घरात होती आणि निवृत्तीला वीस वर्षे होती. फंडाचा दर दरवर्षी जाहीर होतो, पुढचा कोणी सांगू शकत नाही. पण सरासरी ८ टक्के धरले तर एका लाखाचे वीस वर्षांत सुमारे ४ लाख ६६ हजार होतात. एजंटाच्या दराने २ लाख ५२ हजार. फरक दोन लाखांहून अधिक. विम्याला आमचा विरोध नाही. घरातला कमावता माणूस गेला तर विमा लागतोच, आणि फंडाच्या सभासदाच्या वारसालाही संलग्न विमा योजनेतून कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. पण विमा हा विमा म्हणून घ्यावा, म्हातारपणाची पुंजी मोडून नव्हे.

ठेकेदार बदलला म्हणून फंड काढण्याचीही गरज नसते. यू.ए.एन. नंबर तोच राहतो. जुने खाते नव्यात वर्ग करून घेता येते. ठेकेदारीत माणूस वारंवार ठेकेदार बदलतो आणि प्रत्येक वेळी फंड काढत गेला की साठीला हात रिकामे राहतात. व्याजाच्या अर्ध्या-पाव टक्क्यासाठी आपण भांडतो आणि मुद्दलच मधे खाऊन टाकतो.

पासबुकाच्या बारा ओळी

हे सारे बोलणे चालू असता त्या तरुणाने ताईंचे पासबुक त्यांच्या मोबाइलवर उघडले. तेव्हा आणखी एक गोष्ट उघडकीस आली. आदल्या वर्षाच्या पानावर बारा महिन्यांच्या बारा ओळी हव्यात, त्या नऊच होत्या. पगाराच्या चिठ्ठ्यांवर मात्र बाराही महिने फंड कापलेला! तीन महिन्यांचे ७,०५० रुपये ठेकेदाराने भरलेच नव्हते. पेन्शनचेही तीन महिने गेले ते वेगळेच.

कोणत्याही व्याजदराने भरून येणार नाही असे हे नुकसान. कामगाराच्या पगारातून कापलेला फंड न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे, आणि ठेकेदाराने भरले नाही तर ज्याच्याकडे काम चालते त्या मुख्य मालकाचीही जबाबदारी असते. आम्ही पगाराच्या चिठ्ठ्या जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयात लेखी तक्रार दिली आहे. निकाल यायचा आहे, आम्ही पाठपुरावा सोडलेला नाही. पण ताईंनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या नसत्या तर आम्ही काय जोडले असते?

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. आपला फंड म्हणजे हा चौथा भाग. तो राखायचा म्हणजे नुसता ठेवायचा नव्हे, त्यावर नजर ठेवायची.

म्हणून एक वही करा. दरवर्षी मार्चचा भरणा व वर्षाचे व्याज जमा झाले की त्यात पाच आकडे लिहा: आरंभीची शिल्लक, भरणा, व्याज, अखेरची शिल्लक आणि त्या वर्षीची महागाई. बारा ओळी मोजा. वारसाचे नाव नोंदले आहे का पाहा. हिशेब नवऱ्याने एकट्याने करू नये. बायको, मुलगी, मुलगा यांना शेजारी बसवावे.

ताईंनी फंड काढण्याचा अर्ज तिथेच फाडला आणि खाते वर्ग करण्याचा अर्ज भरला. तो भरायला त्यांची नववीतली मुलगी बसली होती. व्याजाला निम्म्या भरण्याने कसे भागायचे, हे तिला आमच्याआधी जमले.

जयभीम!