पाण्यात बोटे का सुरकुततात?

अर्धा तास कपडे धुतले किंवा विहिरीत मनसोक्त डुंबून आले, की हातापायांची बोटे मनुक्यासारखी सुरकुततात. त्याच पाण्यात भिजलेले पोट, पाठ मात्र गुळगुळीत राहतात. असे का?

हा प्रश्न परवा माझ्या दवाखान्यात आला तो मोबाईलवरून. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी सकाळी फिरताना विज्ञानाचे पॉडकास्ट ऐकतात. (एक कान मोकळा ठेवा, असे मी त्यांना बजावले आहे. मागून येणारी मोटारसायकल विज्ञानासाठी थांबत नाही.) पूर्वी हे काम रेडिओ करी. 1991 मध्ये आकाशवाणीवर मानवाच्या उत्क्रांतीवरची 144 भागांची मालिका 18 भाषांतून सुरू झाली होती. आता जांभई का येते, उचकी का लागते असल्या घरगुती प्रश्नांवर तज्ज्ञ मंडळी मोबाईलवर बोलतात. वाचून डोळे थकतात त्यांनी हे जरूर ऐकावे.

तर गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, तो कार्यक्रम ऐकल्यापासून मी रोज बघतोय. माझ्या बोटांना सुरकुत्या पडतच नाहीत."

गुरुजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मी तपासायला घेतले.

कातडी पाणी शोषून फुगते म्हणून सुरकुत्या पडतात, असे आपण शाळेत शिकलो. ते अपुरे आहे. 1930 च्या दशकात लंडनच्या लुईस आणि पिकरिंग या डॉक्टरांना दिसले, की हाताची नस तुटलेल्या रुग्णाच्या बधिर बोटांना पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत. नुसते पाणी शोषण्याचे काम असते तर नस तुटल्याने काय बिघडले असते? खरा प्रकार असा, की बोटे भिजली की मज्जातंतूंच्या हुकमाने पेराच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आतली मऊ गादी लहान होते आणि वरची कातडी सैल पडून तिला घड्या पडतात. थोडक्यात, सुरकुती ही जिवंत मज्जातंतूची खूण आहे. 1973 मध्ये ओ'रिएन या शल्यवैद्याने यावरून चाचणीच सुचवली: 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात 30 मिनिटे बुडवा आणि पाहा.

आता सुरकुत्यांचा फायदा काय? 2013 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी सांगितले, की सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलता येतात. टायरच्या खाचांसारखेच म्हणा ना! पण 2014 मध्ये बर्लिनमध्ये तसाच प्रयोग केला, तेव्हा काहीच फरक आढळला नाही. 'नवा शोध' कानावर पडला की दुसऱ्या कोणाला तो पडताळता आला का, एवढे विचारत जा. निम्मी खळबळ तिथेच शमते.

गुरुजींच्या पायाच्या अंगठ्यावर मी कंप पावणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, टेकवला. त्यांना काही जाणवले नाही. तळवेही बरेच बधिर निघाले. आणि हे गृहस्थ पायांची आग होते म्हणून रात्री कढत पाण्यात पाय सोडून बसत होते! मधुमेहात मज्जातंतू दुबळे झाले की चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो, तो चिघळतो, आणि पुढे बोट काढण्यापर्यंत पाळी येते. गरम पाणी त्याच दिवशी बंद केले.

सुरकुत्या पडल्या नाहीत म्हणून लगेच घाबरू नका. गार पाण्यात त्यांना जास्त वेळ लागतो. घरी गरम पाण्यात हात बुडवून परीक्षा तर मुळीच घेऊ नका. बधिर हात भाजेल. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून तळपाय तपासून घ्या, आणि रोज रात्री स्वतः पाहा. नजर पोचत नसेल तर आरसा धरा किंवा नातवाला बोलवा. अनवाणी फिरू नका.

मधुमेह नसताना एखादेच बोट किंवा हाताचा काही भाग सुरकुतत नसेल, तिथे घाम येत नसेल, अंगावर फिकट बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची शंका घेतली पाहिजे. लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे मोफत मिळतात, आणि वेळेवर घेतली तर बोटे वाकडी होण्यापूर्वीच रोग आटोक्यात येतो.