मेल सर्व्हरचे स्थान, लहान कंपनीतील

मेल सर्व्हरचे स्थान, लहान कंपनीतील : ई-पत्रे स्वीकारणारा, साठविणारा व पुढे पाठविणारा संगणक म्हणजे मेल सर्व्हर. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या एसएमटीपी या संकेतप्रणालीनुसार जगातील कोणत्याही अनोळखी सर्व्हरला त्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत येता आले पाहिजे. त्याच वेळी कंपनीचा पत्रव्यवहार व हिशेब परक्यांपासून सुरक्षित राहिले पाहिजेत. या परस्परविरोधी गरजांमुळे तो जाळ्यात कोठे जोडावा, हा प्रश्न उद्भवतो.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ, भारत फोर्ज यांसारख्या मोठ्या कारखान्यांबरोबर लहान कारखानेही आहेत. अशा एखाद्या कारखान्याचे कार्यालय बारामतीस व कोठार सु. ५० किमी. वरील इंदापुरास आहे, असे मानू. सर्व्हर लेखा विभागाच्या संगणकांशेजारी, त्याच जाळ्यात ठेवणे सर्वांत सोपे. राउटरवर एक पोर्ट उघडला की काम भागते. परंतु हीच मांडणी सर्वांत धोक्याची होय. आज्ञावलीतील एखाद्या दोषामुळे सर्व्हर परक्याच्या ताब्यात गेल्यास तेथून हिशेबापर्यंत कोणताही अडसर उरत नाही. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमधील दोषांमुळे जगभरातील हजारो संस्थांचे सर्व्हर असे परक्यांच्या हाती गेले. उलट, सर्व्हर फायरवॉलच्या बाहेर ठेवल्यास जाळे वाचते, पण पत्रपेट्या उघड्यावर पडतात.

म्हणून फायरवॉलला तिसरी जोडणी देऊन सर्व्हरसाठी स्वतंत्र पट्टा राखतात. दोन सैन्यांमधील मोकळ्या पट्ट्यावरून त्यास डीएमझेड म्हणतात. बाहेरून या पट्ट्यात केवळ २५ क्रमांकाचा पोर्ट खुला असतो. कार्यालयातून पत्र पाठविण्यास ५८७ व पत्रपेटी वाचण्यास ९९३ हे पोर्ट वापरतात. पट्ट्यातून आतील जाळ्याकडे मात्र एकही जोडणी सुरू होऊ द्यावयाची नसते. या मांडणीचे सारे बळ या शेवटच्या नियमात आहे आणि व्यवहारात ‘तात्पुरता’ म्हणून शिथिल होतो तो बहुधा हाच. दोन संगणक परवडल्यास पट्ट्यात केवळ पत्रे पुढे पाठविणारा सर्व्हर ठेवून पत्रपेट्या आतील संगणकावर ठेवता येतात. मग त्या एकाच संगणकाकडे जाणारी एक वाट उघडावी लागते. इंदापूरच्या कोठारास व्हीपीएनद्वारे आतील जाळ्याशीच जोडावे, म्हणजे त्याच्यासाठी बाहेरून ९९३ उघडावा लागत नाही.

वीज गेल्यास पत्रे हरवतील, ही भीती अनाठायी आहे. पाठविणारा सर्व्हर साधारणतः चार ते पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करतो. खरी अडचण पाठविण्यात येते. सर्व्हरला स्थिर आयपी पत्ता, त्या पत्त्याची उलट नावनोंद आणि एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी लागतात. परक्यांची पत्रेही पुढे ढकलणारा सर्व्हर लवकरच काळ्या यादीत जातो व मग कारखान्याची बिलेही ग्राहकाकडे पोहोचत नाहीत.

दहा-पंधरा माणसांच्या कारखान्याने, सर्व्हरची नित्य देखभाल करणारा माणूस नसल्यास, पत्रपेट्या सेवादात्याकडे भाड्याने ठेवणेच श्रेयस्कर होय. स्वतःचा सर्व्हर ठेवल्यास भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे त्याच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पत्रपेट्यांची राखीव प्रतही त्याच पट्ट्यात ठेवू नये. ती इंदापूरच्या कोठारात, जाळ्यापासून तोडलेल्या डिस्कवर असावी.