ठाकूरद्वार ते नाशिक: खाण्यापिण्याची निवांत सहल

मंडळी, इटली-स्पेन जमेल तेव्हा. तोवर नाशिक आहेच! ठाकूरद्वारहून सकाळी टॅक्सीने सीएसएमटी गाठा आणि तपोवन एक्सप्रेस पकडा.

🍇 कधी? जानेवारी ते मार्च. दक्षिण युरोपात द्राक्षतोडणी पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी सुरू होते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी आणि थंडीत फळ.

🍷 कुठे? गंगापूर धरणाच्या परिसरात सुला आणि यॉर्क. दिवसाला एकच वायनरी ठेवा. सुलाची पहिली वाइन २००० साली आली.

🌶️ खायला? सकाळी काळ्या मसाल्याची मिसळ आणि पापड. संध्याकाळी तिखटाबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लांक झकास लागते.

⚠️ वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं. शनिवार-रविवार टाळा आणि पिऊन गाडी अजिबात चालवू नका!