हिंवाळ्याची परीक्षा

अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत पीटर गिडियन नांवाचा एक गृहस्थ १८५३ सालीं मिनेटोंका सरोवराच्या कांठीं वसाहत करून राहिला. फळबाग उभी करण्याची त्याची मोठी हौस होती. त्यानें सफरचंदाचीं व इतर फळांचीं पुष्कळ झाडें लावलीं; परंतु तेथील हिंवाळे असे कडक कीं दहा वर्षांच्या आंत त्यांतील जवळजवळ सर्व झाडें मेलीं. हातीं उरलेल्या थोड्या पैशांतून त्यानें मेन प्रांतांतील बँगोर गांवाहून सफरचंदाचें बियाणें मागविलें. त्यांतून उगवलेल्या एका रोपानें मात्र ती थंडी सोसली. १८६८ च्या सुमारास ही नवी जाति लोकांपुढें आली. गिडियननें तिला आपल्या पत्नीचें ‘वेल्थी’ हें नांव दिलें. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ ‘श्रीमंत’ असाहि होतो. पण त्या काळीं त्या घरांत श्रीमंती अशी काय ती एवढीच होती.

थंड मुलुखांत झाड लावणाऱ्या प्रत्येकापुढें गिडियनचाच प्रश्न उभा असतो. ज्वारीचें पीक एका वर्षीं बुडालें तर पुढच्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. झाडाचें तसें नाहीं. दहा-पंधरा वर्षें पाणी घालून, कुंपण करून वाढविलेला वृक्ष एका रात्रींत गेला, म्हणजे त्याच्याबरोबर तीं सगळीं वर्षेंहि जातात. नाशिककडील द्राक्षांच्या मळ्यांत पारा उतरूं लागला कीं बागाईतदार रात्रीं शेकोट्या पेटवितात. जेथें चार-चार महिने जमीनच गोठलेली असते, तेथें मात्र शेकोटीचा उपाय चालत नाहीं. तेथें झाडच मुळांत काटक असावें लागतें, आणि तें काटक आहे कीं नाहीं हें आधीं पारखून घ्यावें लागतें.

थंडीनें झाड मरतें, म्हणजे नेमकें काय होतें? झाडाच्या शरीरांत पेशी असतात व पेशींत पाणी असतें. या पाण्याचें पेशीच्या आंतच बर्फ झालें, तर पेशी मरते. काटक झाडें हा प्रसंग दोन तऱ्हांनीं टाळतात. बर्च व विलो यांसारख्या जातींत पेशींतलें पाणी हळूहळू बाहेर पडून पेशींमधल्या मोकळ्या जागेंत गोठतें आणि पेशीचा गाभा सुरक्षित राहतो. जपानांतील अकिरा साकाई या शास्त्रज्ञानें १९६० सालीं असें दाखविलें कीं, विलोची डहाळी आधीं क्रमाक्रमानें गोठविली, तर पुढें शून्याखालीं १९६ अंश सेंटिग्रेड इतक्या थंड द्रवरूप नायट्रोजनमध्यें बुडविली तरी ती जगते. ओक, एल्म व सफरचंद यांची रीत निराळी. त्यांच्या लाकडांतील कांहीं पेशींत पाणी शून्याच्या पुष्कळ खालीं जाऊनहि द्रवच राहतें. परंतु या युक्तीला मर्यादा आहे. शून्याखालीं सुमारें ४० अंशांवर हें पाणी एकाएकी गोठतें. गंमत अशी कीं, नेमक्या याच ठिकाणीं फॅरनहाइट व सेंटिग्रेड हीं दोन्ही मापें एक होतात. उत्तरेकडे ज्या सीमेपलीकडे असले वृक्ष रानांत आढळत नाहींत, तिचें एक मोठें कारण या आंकड्यांत आहे.

तथापि पारा किती उतरला एवढ्यानेंच झाडाचें भवितव्य ठरत नाहीं. तो केव्हां उतरला, यालाहि तितकेंच महत्त्व आहे. जुलैंत विलोच्या ज्या डहाळीला थोडेंसें हिमहि सोसवत नाहीं, तीच डहाळी जानेवारींत प्रचंड थंडी सोसते. दिवस लहान होऊं लागले कीं झाड वाढ थांबवितें. पुढें गारवा वाढला कीं त्याच्या अंगांतील पिठूळ द्रव्याची साखर होते व पेशी गोठण्याच्या तयारीला लागतात. वसंतांत ऊब मिळतांच ही तयारी मोडते. म्हणून शरदांत अवेळीं आलेली किंवा वसंतांत परत फिरलेली थंडी भर हिंवाळ्यापेक्षांहि घातक ठरूं शकते. २००७ सालीं अमेरिकेच्या पूर्व भागांत मार्च महिना उबदार गेला, झाडांना पालवी फुटली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांत कडक थंडीनें ती कोंवळी पालवी व मोहर होरपळून काढला.

शिवाय एका झाडाचे सर्व अवयव सारखे काटक नसतात. फोर्सिथिया नांवाच्या झुडपावर वसंतांत पिवळीं फुलें येतात. थंड प्रदेशांत कधीं कधीं त्याच्या खालच्या फांद्याच तेवढ्या फुलतात व वरच्या ओक्या राहतात. खालच्या कळ्यांवर बर्फाची दुलई होती, वरच्या कळ्या उघड्या होत्या, एवढेंच त्याचें कारण. झुडूप वांचलें, पण ज्यासाठीं तें लावलें तीं फुलें गेलीं. मुळें तर फांद्यांहूनहि नाजूक असतात. जमीन व तिच्यावरील बर्फ त्यांचें रक्षण करतात. तेंच झाड कुंडींत उघड्यावर ठेवलें तर मुळें गोठून मरूं शकतें.

बियाणें कोठलें, हीहि एक मोठी बाब आहे. बोस्टन येथील आर्नोल्ड वृक्षोद्यान १८७२ सालीं स्थापन झालें. त्याचा पहिला संचालक चार्ल्स सार्जंट याला लेबनॉनचा प्रसिद्ध सीडर वृक्ष तेथें वाढवावयाचा होता. परंतु नेहमींच्या बियाण्याचीं झाडें तेथील थंडींत टिकत नसत. तेव्हां त्यानें त्याच जातीचें, पण तुर्कस्थानांतील थंड पर्वतांवरचें बियाणें मिळविलें. तें १९०२ सालीं पोहोंचलें, आणि त्याचीं झाडें टिकलीं. हिमालयांतील देवदार हा याच वृक्षाचा भाऊबंद. तोहि बोस्टनला सहसा मानवत नाहीं. परंतु काश्मीरच्या शालिमार बागेंतून १९६४ सालीं गोळा केलेल्या बियाण्यापासून तेथें एक अधिक काटक देवदार निपजला. त्याचें नांवच ‘शालिमार’ ठेवण्यांत आलें. जाति एकच असली तरी ज्या डोंगरावर पिढ्या वाढल्या, त्या डोंगराचा स्वभाव बियाण्यांत उतरतो.

ही पारख प्रयोगशाळेंतहि करतात. डहाळ्यांचे तुकडे शीतपेटींत ठेवून उष्णमान पायरीपायरीनें उतरवितात व प्रत्येक पायरीवर कांहीं तुकडे बाहेर काढतात. ते सावकाश वितळवून दमट जागीं कांहीं दिवस ठेवतात आणि मग सालीखालचा भाग पाहतात. तो हिरवा असला तर जिवंत, तपकिरी झाला तर मेला. दुसरी रीत म्हणजे तुकडे शुद्ध पाण्यांत भिजवावयाचे. मेलेल्या पेशींतून क्षार पाझरतात, त्यामुळें त्या पाण्यांतून वीज अधिक सहज वाहते. ती मोजली कीं इजा किती झाली तें समजतें. परंतु शीतपेटींत वारा नसतो, कोरडें ऊन नसतें, आणि एकामागून एक येणारे हिंवाळेहि नसतात. अखेरचा निकाल शेतांतच लागतो.

अनुभवानें मिळालेलें हें ज्ञान नकाशांवर मांडण्याचीहि प्रथा आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या २०२३ च्या नकाशांत १३ विभाग आहेत. दर वर्षींचा सर्वांत थंड आंकडा घेऊन १९९१ ते २०२० या ३० वर्षांची सरासरी काढलेली आहे, आणि एकेक विभाग १० अंश फॅरनहाइटचा आहे. आधींच्या २०१२ च्या नकाशाशीं ताडून पाहतां सुमारें निम्मा देश अर्ध्या विभागानें उबदार ठरला आहे. कॅनडानें १९६७ सालीं केलेल्या नकाशांत नीचतम उष्णमानाबरोबर हिममुक्त दिवस, पाऊस, बर्फाचा थर व वारा यांचाहि हिशेब धरला होता. नकाशा उपयोगी खरा. पण सरासरी ती सरासरीच. पुष्कळ वर्षीं पारा तिच्याहि खालीं उतरतो, आणि झाडाला मारावयास असें एकच वर्ष पुरतें.

म्हणून या कामांत घाई चालत नाहीं, व उतावीळ निकालहि चालत नाहीं. मिनेसोटा विद्यापीठांत १९६० सालीं केलेल्या एका संकरांतून सफरचंदाचें एक रोप निपजलें. पुढें थंडीची इजा झालेली पाहून तें टाकून द्यावें, असा शेरा त्याच्यावर पडला होता. परंतु एका संशोधकानें त्याच्या कलमांना आणखी कांहीं वर्षें संधि दिली. १९९१ सालीं तेंच झाड ‘हनीक्रिस्प’ या नांवानें बाहेर पडलें, आणि आज तें जगांतील नामांकित सफरचंदांत मोडतें. संकरापासून निकालापर्यंत ३१ वर्षें गेलीं. थंड मुलुखांत घरापुढें झाड लावूं पाहणाऱ्यानेंहि हाच मार्ग धरावा : शेजारच्या जुन्या बागेंत कोणतें झाड कडक हिंवाळे काढून उभें आहे तें पाहावें, त्याचें बियाणें कोठलें तें विचारावें, आरंभीं दोन-चार रोपेंच लावावीं, आणि एखाद्या सौम्य हिंवाळ्यावर विसंबून त्यांस काटक म्हणूं नये.