कवडशापासून क्ष-किरण कॅमेऱ्यापर्यंत

सांगली जिल्ह्यातील कुंडलसारख्या गावात कौलारू घराच्या माजघरात दुपारी कवडसा उतरतो. कौलातील छिद्र वेडेवाकडे असले तरी जमिनीवरील ठिपका गोलच दिसतो, कारण तो छिद्राचा आकार नसून सूर्याची प्रतिमा होय. १६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कर्नाटकातून गेला, तेव्हा सांगली जिल्ह्यात ग्रहण खंडग्रास होते. अशा वेळी कवडसाही कोरीसारखा होतो. सूर्याकडे न पाहता सूर्याचे रूप जाणण्याची ही रीत आज विज्ञानाच्या एका अत्यंत अवघड शाखेत उपयोगी पडत आहे.

न दिसणारा प्रकाश

वायू अतिशय तापविला की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेस प्लाझ्मा किंवा आयनद्रायू म्हणतात. तापमान कोट्यवधी अंशांवर गेले की प्लाझ्मातून प्रामुख्याने क्ष-किरण बाहेर पडतात. तेथे तापमापक टिकत नाही आणि काचेचे भिंगही निरुपयोगी ठरते, कारण क्ष-किरण त्यातून नेहमीच्या प्रकाशासारखे वळत नाहीत. म्हणून जड धातूच्या पत्र्याला केसाहूनही बारीक छिद्र पाडून, कवडशाच्याच तत्त्वावर प्रतिमा घेण्यात येते. साधा प्रकाश अडविण्यासाठी छिद्रापुढे बेरिलियमसारख्या धातूचा पातळ पडदा बसवितात.

क्षणाचे तुकडे

खरी अडचण वेगाची आहे. लेसरच्या साहाय्याने इंधनाची गोळी दाबून केंद्रकीय संमीलन घडवितात, तेव्हा प्रत्यक्ष ज्वलन एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दहाव्या हिश्शाइतक्या काळात आटोपते. एवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा केवळ ३ सेंटिमीटर पुढे जातो. कोणतीही यांत्रिक झडप इतक्या त्वरेने उघडमीट करू शकत नाही.

यावर विजेची झडप हा उपाय निघाला. क्ष-किरण सोन्याच्या पातळ मुलाम्यावर पडले की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. मुलाम्याखाली असंख्य सूक्ष्म नळ्यांची काचेची चकती असते. तिला विजेचा उच्च दाब मिळतो, तेवढाच वेळ हे इलेक्ट्रॉन अनेक पटींनी वाढून पुढील पडद्यावर चित्र उमटवितात. दाबाची लाट मुलाम्याच्या पट्टीवरून धावत जाते. पाटावरील दारे एकामागून एक उघडून लगेच मिटावीत, तसा हा प्रकार असतो. पट्टीवर ओळीने अनेक छिद्रांच्या प्रतिमा पडत असल्याने लागोपाठच्या क्षणांची चित्रमालिकाच हाती येते.

चित्राने काय साधले?

अमेरिकेतील लिव्हरमोर येथील प्रयोगशाळेत १९२ लेसर किरणशलाका एका नळकांडीवर रोखण्यात येतात. त्यातून निर्माण होणारे क्ष-किरण ज्वारीच्या दाण्याहून लहान गोळीला चोहोबाजूंनी दाबतात. हा दाब जराही विषम झाला तर इंधन पेटत नाही. अनेक वर्षे प्रयोग अपेक्षेप्रमाणे होत नव्हते. गोळीला धरून ठेवणारा अतिपातळ पडदा आणि इंधन भरण्याची सूक्ष्म नळी यांमुळेही गोळीचा आकार बिघडतो, हे क्ष-किरण चित्रांनी दाखवून दिले. दोष दिसला, म्हणूनच सुधारणेला दिशा मिळाली. अखेर ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेच्या मोबदल्यात ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली.

हा आकडा नीट समजून घेणे अगत्याचे आहे. ३.१५ मेगाज्यूल म्हणजे विजेच्या एका युनिटपेक्षाही कमी. ती सर्व उष्णता विजेत बदलता आली असे धरले, तरी ५ अश्वशक्तीचा पंप तिच्यावर सुमारे १४ मिनिटे चालेल. उलट, लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० हून अधिक युनिट वीज खर्ची पडली. वैज्ञानिक यश निर्विवाद आहे, परंतु शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत ही वीज पोहोचण्यास अजून बराच अवधी आहे.

आपल्या देशातील कार्य

मुंबईजवळील ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात वाढलेल्या लेसर संशोधनातूनच इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा उदय झाला. त्याची पायाभरणी १९८४ साली झाली व डॉ. दि. दे. भवाळकर हे त्याचे संस्थापक संचालक होते. आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रात लेसरनिर्मित प्लाझ्माचा अभ्यास चालतो. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ यंत्रात चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा बांधून ठेवण्याचे प्रयोग सुरू झाले. तेथेही प्लाझ्माची नाडी क्ष-किरणांच्या आधारेच पाहिली जाते.

कुंडलशेजारी १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि या माळावर यंत्रविद्या रुजली. हा वारसा पुढे नेण्याचा आरंभ शाळेतूनच होऊ शकतो. शिक्षकांनी खोक्याला सुईने छिद्र पाडून, सूर्याकडे न पाहता त्याची प्रतिमा विद्यार्थ्यांना दाखवावी. ग्रामपंचायतींनीही अमर्याद विजेच्या वार्ता ऐकताना किती ऊर्जा दिली, किती मिळाली आणि ती कशी मोजली, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.