पन्नाशीनंतर मोडी : नवी विद्या ध्यानात कशी राहिली

पन्नाशी उलटलेल्या शेतकऱ्याच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : "आता डोक्यात काही राहत नाही." महसूल खात्यात कारकुनी करीत असता ते आम्ही टेबलाच्या अलीकडे बसून शेकडो वेळा ऐकले. पुढे सेवानिवृत्तीनंतर आम्हीही तेच म्हणू लागलो. निमित्त झाले मोडी लिपी शिकण्याचे.

आमच्या मळ्यातील विहीर आमच्या व भाऊबंदांच्या घरांची सामाईक आहे. सात पिढ्यांपूर्वी वाटणी झाली, तेव्हाचा पाण्याच्या पाळीचा मोडी कागद आमच्या पेटीत होता. त्यात भाऊबंदांस बुधवारी 'दोन प्रहर', म्हणजे सहा तास, पाणी लिहिले आहे, असे वडील सांगत. भाऊबंद म्हणत, पुरता दिवस आणि रात्र आमची. मोटेच्या काळात वाद दबून राहिला. विजेचा पंप बसला, त्यांनी ऊस धरला, आणि तो उकरून निघाला. कागद जाणत्याकडून वाचवून घ्यावा, तर कोणाच्या माणसाने वाचावा यावरच दोन मते! अखेर आपणच शिकावे असे आम्ही ठरविले. वय ५८, शिक्षण मराठी शाळेतले, बेताचे.

पहिल्या महिन्यात आम्ही शाळकरी मुलाप्रमाणे वागलो. मुळाक्षरांचा तक्ता समोर ठेवून रोज दोन तास उतरवून काढला. तीन वह्या भरल्या. तक्ता पाहिला की सारी अक्षरे ओळखीची वाटत. मग मोठ्या उमेदीने पेटीतला कागद उघडला, तो पहिल्या ओळीत 'श्री' व आकडे सोडल्यास चार अक्षरेही धड लागली नाहीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. लेखणी होता होईतो उचलत नाहीत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शेजार पालटला की 'र' आपले रूप पालटतो. त्या दिवशी आम्ही कागद गुंडाळून ठेवला व घरात सांगून टाकले की, हे आमच्या वयाचे काम नव्हे.

दोष वयाचा नव्हता, रीतीचा होता, हे मागाहून कळले. बाजारात जुना माणूस भेटतो. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. ओळखणे निराळे, आठवणे निराळे. तक्ता पुढे ठेवून आम्ही महिनाभर केवळ ओळखण्याचाच सराव केला होता. अमेरिकेत रोडिगर व कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, नंतर तो मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. म्हणजे ज्या रीतीने आज सोपे वाटते, तीच पुढे दगा देते. त्याच्याही पूर्वी, १८८५ साली, एबिंगहाउस या जर्मन पंडिताने स्वतःवरच प्रयोग करून दाखविले होते की, निरर्थक अक्षरांच्या मालिका पाठ केल्या तर पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक निसटते, व पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. त्याच अभ्यासात त्यास असेही आढळले की, एका बैठकीत घोकण्यापेक्षा तेवढेच श्रम निरनिराळ्या दिवसांवर वाटल्यास लाभ अधिक. एकदम पाट सोडला तर पाणी वाहून जाते, अंतराने दिले तर मुरते, हे आम्ही जमिनीबाबत जाणत होतो. डोक्यास लावून पाहिले नव्हते.

मग आम्ही रीत बदलली. प्रत्येक अक्षराची व नेहमीच्या शब्दाची चिठ्ठी केली. पुढे मोडी, मागे बाळबोध. घरात एक जुना पितळी पानाचा डबा होता. त्याचे पाच खण कामी आणले. नवी चिठ्ठी पहिल्या खणात. मागची बाजू न पाहता वाचता आली की दुसऱ्या खणात. पहिला खण रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा पंधरा दिवसांनी. चुकली ती चिठ्ठी कितीही पुढे गेली असली तरी पुन्हा पहिल्या खणात. (सौभाग्यवतींनी पानसुपारीसाठी डबा परत मागितला, तो अद्याप दिलेला नाही.) चिठ्ठ्या नेहमी पिसून घेत असू, कारण क्रमाने वाचली की अक्षर नव्हे, क्रमच पाठ होतो. रोज वीस मिनिटे, तीही निजण्यापूर्वी. शिकलेले पक्के होण्यास झोप साह्य करते. दोन तासांची बैठक मोडलीच.

खरी अडचण पुढे आली ती सालांची. पेशवाईतील कागदांत शुहूर सन असतो व त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात : इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर, हे एकपासून दहापर्यंत. या शब्दांत आम्हांस अर्थ दिसेना, मग ते राहावेत कसे? येथे ग्रीस देशाची एक जुनी युक्ती उपयोगी पडली. ती सिमोनिडीस नावाच्या कवीची म्हणून सांगतात व रोमच्या सिसेरोने आपल्या ग्रंथात नोंदली आहे. ओळखीच्या वाटेवरील एकेका ठिकाणी लक्षात ठेवावयाची वस्तू मनाने ठेवीत जावे व पुढे त्या वाटेने मनातच चालून ती उचलावी. आमची वाट घरापासून मळ्यापर्यंतची. उंबऱ्यावर दोन 'इसम' बसविले, ते इसन्ने. पुढे वेशीत तीनदा 'सलाम' करणारा जुना शिपाई, तो सलास. पिंपळाखाली चार पायांवर उभा 'अरबी' घोडा, तो आर्बा. चावडीत सात जणांची 'सभा', ती सबा. ओढ्यात आठ पोत्यांचे 'सामान' घेऊन रुतलेली गाडी, ती समान. मळ्याच्या फाटकावर 'दसऱ्या'चे तोरण, तो अशर. तिसा मात्र तीस वाटून फार दिवस फसवीत असे. त्यास नऊ आंब्यांच्या झाडांपाशी बांधून टाकला. पोरकट वाटेल, पण चार दिवसांत दहाही शब्द बसले, ते आजतागायत हलले नाहीत. हा सन मृगापासून सुरू होतो, म्हणून त्यास मृगसाल म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे की इसवी सन निघतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, मिळून ११६१. त्यात ६०० मिळविले की पानिपतचा १७६१ चा जानेवारी.

वारांच्या नावांस अशी वाट लागली नाही. तेथे अर्थानेच काम केले. 'सौम्य' हे सोमवार वाटते व नवशिका हटकून चुकतो. पण सौम्य म्हणजे सोमाचा पुत्र, अर्थात बुध. भौम म्हणजे भूमीचा पुत्र मंगळ. मंद म्हणजे संथ चालीचा शनी. एकदा कळले की घोकणे नको. प्रौढ माणसाचे बळ ते हेच. नवे टिपून घेण्याची गती वयाबरोबर मंदावते हे खरे. परंतु शब्दांचा व अर्थांचा साठा उतारवयातही टिकून राहतो, आणि नवी गोष्ट त्यास अडकविता आली की ती सहसा सुटत नाही.

मोडी सर्वांस नको असेल. परंतु पिकाची नोंद २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावयाची आहे, व आमच्या शेजारचे एक वयस्क बागाईतदार दर हंगामास ती नातवाकडून करवून घेत. नातू शिकण्यास परगावी गेला तेव्हा अडले. आम्ही त्यांस एवढेच सुचविले की, कोणी दाखवील ते पाहत बसू नका. एकदा पाहा, मोबाइल खाली ठेवा, काय काय दाबले ते क्रमाने तोंडाने सांगा, आणि मग स्वतःच्या बोटाने करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आठवड्याने पुन्हा. गेल्या खरिपात त्यांनी स्वतःची नोंद केलीच, शिवाय शेजारच्या दोघांचीही करून दिली. डोळा बांधण्याचे कलम शिकतानाही हीच रीत चालेल; फक्त सरावास चिठ्ठीऐवजी फांद्या लागतील.

आमचा कागद पुरता लागला तो श्रावणात, शिकण्यास लागल्यापासून सातव्या महिन्यात. साल 'समान अशर मयातैन व अलफ', म्हणजे १२१८; इसवी १८१७-१८. आणि पाळी? 'दोन प्रहर' हे पाण्याचे माप नव्हतेच; ती वेळ होती. सौम्यवारी दोन प्रहरांपासून गुरुवारी दोन प्रहरांपर्यंत, असा मजकूर होता. म्हणजे बुधवारच्या मध्यान्हापासून गुरुवारच्या मध्यान्हापर्यंत, पुरते आठ प्रहर. वडिलांनी अर्धेच वाक्य ऐकले असावे. आपले वाचन चुकावे अशी इच्छा धरून आम्ही ते तीन निरनिराळ्या दिवशी लावून पाहिले, व मग परगावच्या जाणत्यास दाखविले. वाचन चुकले नव्हते.

कागद घेऊन आम्ही भाऊबंदांकडे गेलो. थोरल्या अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला व म्हणाले, "तात्या, तू हे वाचलेच नसतेस तर कोणास कळले असते?" आम्ही म्हणालो, "अण्णा, आता वाचता येते, त्याला काय करावे?" त्या बुधवारपासून दुपारी बारा वाजता पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे जाते. आमचे कांद्याचे रान दहा गुंठ्यांनी कमी झाले आहे.