संगिनीवरील अक्षरे आणि तिचे मोल

महायुद्धकालीन शस्त्राचे मोल त्याच्या वयावरून ठरते, ही समजूत मुंबईच्या चोरबाजारात फार रूढ आहे. नवी मुंबईहून तेथे जाणाऱ्या संग्राहकाने ती तपासून घेणे इष्ट. ली-एनफिल्ड रायफलीच्या संगिनीवरील ‘१९०७’ हा आकडा घडणीचे वर्ष नव्हे; तो नमुन्याचा सन होय. घडणीचा महिना व वर्ष निराळ्या अंकांत असतात. मुकुटाखालील ‘जी. आर. आय.’ यातील ‘आय’ हे ‘इम्पेरातोर’ म्हणजे सम्राट या लॅटिन पदाचे आद्याक्षर. बाणचिन्हाखालचा ‘आय’ मात्र हिंदुस्थानच्या मालकीचा निदर्शक. ‘आर. एफ. आय.’ मधील तिसरा ‘आय’ बंगालमधील इछापूर कारखान्याचा. अक्षर एकच, अर्थ तीन. आणि किंमत लावणारा बहुधा पहिल्यावरच थांबतो.

मूळ पाते १७ इंचांचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात अशी पुष्कळ पाती कापून सुमारे १२ इंचांची करण्यात आली. पात्यावरची पन्हळ टोकाशी जाऊन भिडली असेल, तर पाते कापलेले समजावे. अशा संगिनीस ‘मोडकी’ म्हणून भाव पाडणे जितके गैर, तितकेच ‘दुर्मिळ’ म्हणून चढा भाव देणेही. घासून चकचकीत केलेल्या पात्यास मात्र कमीच मोजावे. त्याची अक्षरेच गेलेली असतात.

सनाच्या वाचनास कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. १९१७ ची संगीन त्या व्याख्येत येऊ शकते व मग ती खाजगी रीतीने परदेशी पाठविता येत नाही. १९४२ ची अद्याप येत नाही. दोहोंवर ‘१९०७’ सारखेच कोरलेले असू शकते.